पिशवीतला पाला

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायरीजवळ पत्र्याची एक पाटी आहे. 'व्यसनी माणसाने ही पायरी चढू नये.' अक्षर माझे आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षे लेथ मशीनवर काम करून मी निवृत्त झालो. पण तरुणपणी मला पाट्या रंगविण्याचा नाद होता. माझे थोरले बंधू दारूपायी गेले, त्या वर्षी मी ही पाटी रंगवली. त्यानंतर विहार समितीचा सचिव झालो आणि पाटीवरचा रंग उडाला की दर दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या हाताने पुन्हा चढवत आलो.

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. नागपंचमीचे दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास धाकट्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती.

"दादा, पोट्ट्याले पकडलं. गांज्याची केस लावून रायले म्हणते."

वाचक बंधू-भगिनींनो, तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहिताना मला लाज वाटते. मी म्हणालो, "मंग मले कायले फोन केला? गांजेड्याचा मामा म्हणून मी ठाण्यात उभा राहू काय?" आणि फोन ठेवून दिला. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सहा वाजता बहीण दारात उभी. चपलाही घातल्या नव्हत्या तिने.

हा भाचा कसा, ते आधी सांगतो. बाप लवकर गेला. आईने चार घरची धुणीभांडी करून वाढवला. बारावी झाला आणि एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. बारा तासांची पाळी, वरून ओव्हरटाइम. तरी पहाटे पाचला हिंगणा रोडवर राज्य राखीव दलाच्या बाजूने धावताना दिसायचा. पोलीस भरतीची तयारी चालली होती. आमच्या नागपुरात पानठेल्यावर खर्रा न खाणारा तरुण शोधूनही सापडत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटण्याचा आवाज कारखान्याच्या प्रत्येक गेटसमोर ऐकू येतो. या मुलाने सुपारीलाही कधी हात लावला नव्हता. हे मला माहीत होते. माहीत असूनही मी फोन ठेवला.

झाले होते असे. कामावरचे दोन सोबती पचमढीला नागद्वारच्या यात्रेला निघाले. विदर्भातून दरवर्षी लोकांचे लोंढे तिकडे जातात. आपल्या घरात ही यात्रा होत नाही. पण पोरगा म्हणाला, डोंगर पाहून येतो, चढण्याचा सराव होईल. तीन पोरे, दोन मोटरसायकली. परतताना छिंदवाडा जिल्ह्यात एका दुकानावर त्यांना भांगेची पाटी दिसली. मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकाने आहेत. देशी दारूच्या दुकानासारखीच ती उघड रस्त्यावर असतात. सोबत्यांनी वाळलेला पाला घेतला, कापडी पिशवीत भरला आणि पिशवी माझ्या भाच्याच्या हँडलला अडकवली. त्यांच्या गाडीवर दोघे बसले होते, जागा नव्हती. सावनेरच्या अलीकडे नाकाबंदी होती. तिथे पिशवी उघडली गेली.

पंचनाम्यात लिहिले गेले, हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, गांजासदृश पदार्थ. वजन पिशवीसह १ किलो २५० ग्रॅम.

त्या अडीचशे ग्रॅमचा अर्थ मला वकीलबाईंनी समजावला तेव्हा माझे पाय गळाले. १९८५ साली केंद्र सरकारने अमली पदार्थांचा कायदा केला. पोलीस आणि वकील त्याला एनडीपीएस म्हणतात. त्या कायद्याखाली गांजाचे प्रमाण ठरवून दिले आहे. एक किलोपेक्षा कमी गांजा सापडला तर ते अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. वीस किलोहून अधिक म्हणजे व्यापारी प्रमाण, त्याला दहा ते वीस वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे पिशवीचे कापड, काड्या, पाला सगळे मिळून किलोच्या वर गेले आणि एक वर्षाचे दहा वर्षे झाले.

"पण बाई," मी म्हणालो, "दुकानातून घेतला म्हणतात. सरकारी परवान्याचं दुकान."

"तेच तर विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "गांजा होता की भांग होती?"

मला हा प्रश्न कळलाच नाही. आमच्या लेखी गांजा, भांग, चरस, सगळे एकाच उकिरड्यावरचे. पाचवे शील पाळणाऱ्याने त्यात निवड कसली करायची? परंतु कायदा निवड करतो. एनडीपीएसमध्ये गांजाची व्याख्या दिली आहे: झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. त्या शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची होते. म्हणून केंद्राच्या या कायद्यात नुसत्या पानाला गुन्हा नाही. १९६१ चा जागतिक करार झाला, त्यातही असेच शेंडे धरले आहेत आणि पाने सोडली आहेत.

मग मध्य प्रदेशात दुकान, उत्तर प्रदेशात दुकान, राजस्थानात दुकान. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. तो मुंबई राज्याचा होता, आज महाराष्ट्राचा म्हणतात. त्यात दारूसोबत भांगही आहे. परवान्याशिवाय भांग बाळगणे, आणणे, पिणे हा इथे गुन्हा आहे. होळीच्या दिवसांत मुंबईत भांगेवर छापे पडतात ते याच कायद्याखाली. म्हणजे तोच पाला छिंदवाड्यात परवान्याच्या दुकानातला माल होता. सीमा ओलांडून सावनेरकडे आला तेव्हा राज्याचा गुन्हा झाला. त्यात एखादा शेंडा निघाला तर केंद्राचा गुन्हा, आणि दहा वर्षे. पाला बदलला नाही. मोटरसायकल थोडी पुढे आली एवढेच.

हिंगण्याच्या माणसाला हे अगदीच नवीन नसावे. आपल्या तालुक्याची हद्द संपली की वर्धा जिल्हा लागतो. तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे. इकडच्या परमिट रूममध्ये जी बाटली बिलासह मिळते, ती हद्दीपलीकडे सापडली की गुन्हा. गडचिरोलीत १९९३ ला बंदी आली. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठलीही. त्या सहा वर्षांत जे आत गेले, त्यांना उठलेल्या बंदीचा काय उपयोग झाला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. दारूची निदान प्रत्येकाला खबर असते. कोणता जिल्हा कोरडा आणि कोणता ओला, हे पोराटोरांना ठाऊक असते. पाल्याची खबर कोणाला?

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. ते चिलीम ओढायचे. आई सांगायची, गांजा ठेक्यावरून यायचा, सरकारचा कर भरलेला. मला ते खोटे वाटायचे. पण ते खरे होते. आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताचा गांजा खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली पिकायचा. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर एक आयोगही नेमला होता. आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि मत दिले की सरसकट बंदीची गरज नाही, माफक सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, कर लावा, परवाने द्या, नियंत्रण ठेवा. इंग्रजाला तिजोरी प्यारी होती हेही खरे. माझ्या आजीला विचारले असते तर तिने आयोगाला वेगळीच साक्ष दिली असती. पगाराच्या दिवशी ती मिलच्या गेटवर पदर खोचून उभी राहायची, म्हणजे पैसे ठेक्यावर जाण्याआधी हातात पडतील.

तर असा हा प्रकार. पहिल्यांदा वाटले, राज्यघटनेत असा घोळ कसा राहिला? एका सुट्टीच्या दिवशी वकीलबाईंनी घटनेची प्रत उघडून दाखविली. सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. दारू राज्याच्या यादीत आहे. अफू, इंडियन हेम्प म्हणजे भांग-गांजा, यांच्यावर अबकारी कर घेणे हेही राज्याच्या यादीत. औषधे व विषारी पदार्थ मात्र समवर्ती यादीत, जिथे केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. समवर्ती यादीतल्या विषयावर दोघांचे कायदे एकमेकांच्या आड आले तर अनुच्छेद २५४ प्रमाणे सामान्यतः केंद्राचा कायदा चालतो. शेंड्याच्या बाबतीत म्हणूनच केंद्राचा शब्द शेवटचा. पानाच्या बाबतीत केंद्राने हात आखडता घेतला, आणि प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने वागायला मोकळीक मिळाली.

नशाबंदीचा विषय बाबासाहेबांसमोरही आला होता. २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मादक पेये आणि घातक अमली पदार्थांच्या बंदीची दुरुस्ती चर्चेला आली. आज ती अनुच्छेद ४७ मध्ये आहे. कोल्हापूरच्या खर्डेकरांनी विरोध केला. आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी, आमच्या लोकांच्या जीवनाशी जोडलेल्या पेयाचे काय, असे विचारले. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे, यात राज्यावर सक्ती नाही, हेही त्यांनी सभागृहाला सांगितले. ईशान्येकडच्या आदिवासी भागांसाठी घटनेच्या सहाव्या अनुसूचीत तर अशी तरतूद आहे की न गाळलेल्या मद्यावरचा राज्याचा बंदी कायदा तिथल्या जिल्हा परिषदेने म्हटल्याशिवाय लागू होत नाही. म्हणजे केंद्र, राज्य आणि खालची स्थानिक सभा, तिघांना जागा ठेवली होती. मला हे वाचून बरे वाटले. बाबासाहेब स्वतः निर्व्यसनी. पण दुसऱ्याच्या घरात कायदा कुठवर शिरावा याचा विचार त्यांनी सोडला नव्हता.

आपल्या वस्तीतल्या एका घरचा मुलगा अमेरिकेत कॅलिफोर्नियात संगणकाच्या कामावर आहे. भाच्याची बातमी त्याच्या कानावर गेली तेव्हा त्याने फोन केला. म्हणाला, "काका, इथं तर गांजाची दुकानं आहेत, औषधाच्या दुकानासारखी चकाचक." तिथल्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून ते खुले केले आणि २०१८ च्या जानेवारीपासून विक्री सुरू झाली. मात्र त्याच राज्यातली कितीतरी शहरे आपल्या हद्दीत दुकान येऊ देत नाहीत. शिवाय अमेरिकेच्या केंद्राचा १९७० चा कायदा आहे, त्यात गांजा अजून नियंत्रित पदार्थ. राज्याने दुकान उघडले तरी नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्या परदेशी माणसाला ते अंगाशी येऊ शकते. २०१९ मध्ये तिथल्या केंद्रीय खात्याने तसे स्पष्टच लिहून काढले. "आम्ही त्या दुकानाच्या फुटपाथवरून पण जात नाही," पोरगा म्हणाला. गोऱ्या शेजाऱ्याने ओढला तर मजा, आणि आमच्या पोराने ओढला तर व्हिसा धोक्यात. मी मनात म्हटले, तिथेही तोच पाला कोणाच्या हातात आहे ते पाहिले जाते तर.

आपल्याकडे काय वेगळे आहे? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्याप्रमाणे वर्षभरात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. यातले सगळे काही झोपडपट्टीत राहत नाहीत. पण विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या न्यायालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सेवनासाठी पकडलेल्यांत बहुतेक रोजंदारीचे आणि झोपडपट्टीतले लोक आढळले. बंगल्यात कोण चिलीम ओढतो ते पाहायला नाकाबंदी लागत नाही. ती मोटरसायकलवाल्यासाठी लागते.

यावरून कोणी असे समजू नये की मी गांजा खुला करा म्हणतो. माझ्या घरातून एक तिरडी दारूमुळे गेली आहे. गांजाने पोरांचे डोके फिरते, कामावरचे लक्ष उडते, मशीनवर बोटे जातात, हे मी पाहिले आहे. मला फक्त एवढे म्हणायचे आहे की व्यसन सोडवणे वेगळे काम आणि कोंडणे वेगळे काम. केंद्राच्या याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनात सापडलेला माणूस अल्प प्रमाणासह पकडला गेला आणि सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालू नये, अशी त्यात सोय आहे. किती घरांना हे ठाऊक असते?

वकिलाचेही सांगून ठेवतो. वकील आम्ही पैशाने केला नाही. बहिणीने कानातले मोडायला काढले होते. कोर्टाच्या आवारात एका कारकुनाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखविला. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो; त्याला उत्पन्नाची अट नाही. त्या वकीलबाई म्हणजे आमच्या पोरीच्या वयाच्या. फाईल मात्र अशी वाचायच्या की एक कागद सुटत नसे.

त्यांनी न्यायालयात मांडले की पंचनाम्यात शेंड्यांचा उल्लेख नाही, काड्यापाने सगळे एकत्र तोलले आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवून जामीन दिला होता. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने २९ किलो भांगेच्या प्रकरणात, भांग केंद्राच्या कायद्यात बंदीची नाही असे म्हणत, बिहारच्या एका माणसाला जामीन दिला होता. ते दोन्ही निकाल बाईंनी जोडले. एकोणिसाव्या दिवशी भाचा बाहेर आला. त्याचे वजन कमी झाले होते. घरी येऊन त्याने आधी बूट शोधले. ते ठाण्यात जमा झालेल्या मोटरसायकलच्या डिकीत राहिले होते.

या एकोणीस दिवसांत रविवारची बैठक झाली. मी सचिवपदाचा राजीनामा लिहून नेला होता. दोघे-तिघे म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, मामाची पाटी भाच्याला लागू का नाही? त्यांचे काही चुकले नाही. मीच त्यांना असे बोलायला शिकवले होते. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून आमच्या वस्तीतली एक म्हातारी उपासिका बोलली.

"पोट्टा पेला होता का?"

कोणी उत्तर दिले नाही.

"पेला नसन त गांजेडी कायचा? आन पेला असन, त त्याले हितं नाई आणाचं त कुठी न्याचं बाप्पा?"

राजीनामा माझ्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यातलेच चौघे जण माझ्यासोबत कोर्टात आले. एकाने जामीनदार म्हणून घराची कागदपत्रे दिली.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सात महिने लागले. त्यात लिहिले होते, भांगेच्या झाडाची पाने व काड्या, फुलोऱ्याचे शेंडे आढळले नाहीत. एनडीपीएसची कलमे गेली. बहिणीने त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर बसून डबा उघडला आणि सगळ्यांना पोळी-भाजी वाढली. पण केस संपली नव्हती. राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग आणल्याचा खटला खालच्या न्यायालयात पाठवला गेला. तो अजून चालू आहे. ज्या सोबत्यांनी पाला विकत घेतला, त्यातला एक ठेकेदाराने काढल्यावर गावी गेला आणि तारखेला येत नाही. त्यामुळे तारीख पुढे जाते.

सोबत्याला मी फार शिव्या दिल्या. भाचा म्हणतो, "मामाजी, त्याले काय मालूम होतं? दुकानावर पाटी होती." परवा घरी आला तेव्हा पोलीस भरतीची माहिती छापलेला कागद आणला होता. मागासवर्गीयांना वयाची सवलत धरून तेहतीसपर्यंत मुभा आहे, म्हणजे अजून वर्षे आहेत. अडचण पुढची आहे. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात विचारतात, कधी अटक झाली होती काय, खटला प्रलंबित आहे काय. लपवले आणि उघडकीस आले तर नोकरी जाते. खरे लिहिले तर मिळेलच असे नाही.

"काय लिहू?" त्याने विचारले.

मी म्हणालो, खरे ते लिही, आणि अहवालाची प्रत जोड. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, रकाना केवढा छोटा असतो मामाजी, त्यात हे सगळं मावते काय?

पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. विहाराच्या पाटीवरचा रंग यंदा पुन्हा उडाला आहे. डबा आणि ब्रश काढून ठेवले आहेत, पण काय लिहायचे ते समितीच्या बैठकीत अजून ठरायचे आहे.